खोक्यावर १२००, बादलीत २४०: आचऱ्यातल्या एका टाकीचं प्रकरण

पहिला फोन मे महिन्यात आला. "रे झिला, पंप रात्रंदिवस फिरता, पण माशे पहाटे वर येऊन तोंडा मारतत. पंप बदलूक होयो काय?"

फोन मालवण तालुक्यातल्या आचऱ्याहून होता, एका निवृत्त शाळामास्तरांचा. कणकवलीत माझं विजेच्या मोटारी भरण्याचं, म्हणजे वायंडिंगचं, दुकान आहे. विहिरीवरचे मोनोब्लॉक, पाणबुडी पंप, मिक्सर हे माझं रोजचं काम. घरी मी पंधरा वर्षं मासे पाळतोय, त्यामुळे टाकीच्या पंपाची तक्रारही माझ्याकडेच येते. विचारणारा बहुधा एकच गोष्ट विचारतो, कुठला पंप घेऊ? मास्तरांच्या घरी पंप शेवटी बदलावाच लागला, पण त्याआधी आणि त्यानंतरही बऱ्याच गोष्टी बदलल्या. इतर घरांत एकेकट्या दिसणाऱ्या चुका त्या एका टाकीत एकत्र जमल्या होत्या, आणि त्यातली एक माझ्या हातून वाढली. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

टाकी आणि तक्रार

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काचेची जाडी सोडून आतलं माप ११८ बाय ४३ सेंटिमीटर, पाणी ४० सेंटिमीटर. गुणाकार करून हजाराने भागलं की २०३ लिटर, वाळू-खड्यांचे वजा जाता साधारण १९०. दुकानदाराने "अडीचशे लिटरची टाकी" म्हणून दिलेली. पंप निवडताना धरायचं ते आतलं पाणी, टाकीचं नाव नव्हे.

खाली स्टँडमध्ये दुसरी छोटी टाकी, म्हणजे संप. त्यात स्पंज, सिरॅमिकच्या रिंगा आणि शेवटच्या कप्प्यात पंप. वरच्या टाकीच्या कोपऱ्यात ओव्हरफ्लोची पेटी, तिला वर आणि तळाशी खाचा. पाणी त्या पेटीतल्या उभ्या पाइपातून संपमध्ये उतरतं, गाळलं जातं आणि पंप ते परत वर चढवतो. मांडणी चांगली होती, कोणीतरी समजून केलेली.

मासे सहा, ओरांडा जातीचे गोल्डफिश. मास्तर शाळेची सहल घेऊन रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय बघायला गेले होते, तेव्हापासून टाकीची हौस मनात होती. ती निवृत्तीनंतर पुरी झाली. सहा ओरांडांना १९० लिटर ही जागा तोकडीच. मी ते पहिल्याच दिवशी सांगितलं, पण मास्तरांच्या पत्नी, काकी, प्रत्येक माशाला नावाने हाक मारतात, तेव्हा कमी करण्याचा विषय तिथेच थांबला. मग गाळणी भक्कम हवी, एवढाच अर्थ उरतो. गोल्डफिश खातो पुष्कळ आणि घाणही पुष्कळ करतो, आणि ओरांडाचं अंग गोल, शेपूट लांब, त्यामुळे त्याला जोराचा प्रवाह सोसत नाही. गाळणी मोठी पण प्रवाह मवाळ, ही या प्रकरणातली खरी गाठ.

तक्रारी तीन. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडतात. पाणी दुधाळ दिसतं. आणि कधीकधी स्टँडखाली ओल येते, "काच खयतरी गळता." तिसऱ्या तक्रारीकडे मी पहिल्या दिवशी नीट लक्ष दिलं नाही, आणि ते पुढे महागात पडलं.

बादली

खोक्यावर छापलेलं होतं: क्यू मॅक्स १२०० लिटर तासाला, एच मॅक्स १.६ मीटर, २० वॅट. मास्तरांचा हिशोब सरळ होता. १९० लिटर पाणी, १२०० लिटरचा पंप, म्हणजे तासाला सहा फेऱ्या. गोल्डफिशसाठी तासाला पाच-सहा फेऱ्या मीही धरतो. मग कमी कुठे पडलं?

मी दहा लिटरची बादली आणि मोबाईलचं घड्याळ घेतलं. पाणी टाकीत पडतं त्या उंचीवर बादली यावी म्हणून ती स्टुलावर ठेवली. पुष्कळ लोक बादली जमिनीवर ठेवून मोजतात, मीही पूर्वी तसंच करायचो. नळीचं तोंड खाली आणलं की चढाव कमी होतो आणि आकडा फुगून येतो. बादली भरायला १५० सेकंद लागले. ३६००० भागिले सेकंद, की दहा लिटरच्या बादलीवरून तासाचे लिटर मिळतात. २४०. म्हणजे फेरी सव्वा.

मास्तरांनी तीन वेळा मोजून घेतलं.

खोक्यावरचे ते दोन आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. पंपाला पाणी अजिबात वर चढवायचं नसेल तेव्हाचा प्रवाह म्हणजे क्यू मॅक्स. एच मॅक्स म्हणजे ज्या उंचीवर पाणी पोचतं पण वाहत नाही, प्रवाह शून्य होतो ती उंची. आपलं काम या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतं. इथे संपमधल्या पाण्यापासून टाकीतल्या पाण्यापर्यंत ९५ सेंटिमीटर चढाव होता. १.६ मीटरच्या पंपाची अर्ध्याहून जास्त ताकद तिथेच जाते. खोक्यावर आलेख नसला तर मी सरळ रेषेने अंदाज काढतो: चढाव भागिले एच मॅक्स, ते एकातून वजा, गुणिले क्यू मॅक्स. उत्तर येतं साधारण ४९०. अंदाज कच्चा असतो, पण दुकानात उभ्या उभ्या एवढा पुरतो.

हे सांगत होतो तेव्हा मास्तर गप्प झाले. त्यांची माड-पोफळीची बाग आहे. विहिरीवरचा मोनोब्लॉक घेताना त्यांनी दोरी सोडून पाण्याची खोली मोजली होती, वरच्या कुणग्यापर्यंतचा (शेताच्या तुकड्यापर्यंतचा) चढ धरला होता आणि हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, काढूनच दुकानात गेले होते. "आणि घरातल्या पंपाचो हेड काढूक मी कसो विसारलंय?" म्हणाले. आपल्याकडे ज्याची बाग आहे त्याला हेड समजावून सांगावा लागत नाही. फक्त टाकीचा पंप हाही पंपच आहे, एवढं आठवावं लागतं.

४९० आणि २४० यांमधला फरक अजून शोधायचा होता. पंप उघडला. इंपेलरवर, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या आतल्या पंख्यावर, तांबूस बुळबुळीत थर. चिऱ्याच्या (जांभ्याच्या) खडकातल्या विहिरीचं पाणी, त्यात लोह. हा थर आमच्या भागात नेहमीचा. त्याखाली चुंबकाच्या आणि कप्प्याच्या मधे वाळूचे कण. हे पंप चालतात कसे ते थोडं सांगतो. आतल्या चुंबकाला इंपेलर जोडलेला, बाहेर कॉइल इपॉक्सीच्या मसाल्यात बंद केलेली, आणि दोघांच्या मधे प्लास्टिकची भिंत. सील नाही, गळायला जागा नाही. आपल्या पन्नास हर्ट्‌झच्या विजेवर दोन ध्रुवांचा असा पंप मिनिटाला तीन हजार फेरे घेतो, कमी नाही, जास्त नाही. त्यामुळे घाण साठली तरी आवाज आणि फिरणं तेच राहतं, पाणी मात्र घटत जातं. "पंप फिरतोय" ही खात्री इथे काहीच सांगत नाही.

टूथब्रशने साफ करून पुन्हा बादली लावली: ११३ सेकंद, साधारण ३२०.

मग नळी. पंपापासून वरपर्यंत अर्धा इंची नळी आणि चार एल्बो. घर्षणाचा हिशोब निर्दय असतो. तेवढंच पाणी निम्म्या व्यासाच्या नळीतून न्यायचं तर घर्षण बत्तीसपटीच्या आसपास वाढतं. अर्ध्या इंचाची पाऊण इंच केली, म्हणजे १२ मिलिमीटरची २०, की तेच घर्षण तेराव्या हिश्श्यावर येतं. मी पाऊण इंची पाइप घातला. बादली ८० सेकंदांत भरली. ४५०.

नवीन पंप न घेता २४० वरून ४५०. मी समाधानाने परतलो, आणि तिथेच चूक झाली.

जमिनीवरचं पाणी

जूनच्या पहिल्या वादळी पावसात वीज गेली. रात्री काकी उठल्या तर शेजारच्या देवाच्या खोलीत पाणी. "मास्तरांनू, टाकी फुटली!" टाकी फुटली नव्हती. मोटारी भरणाऱ्या माणसाला वीज गेल्यावर पंपाचं काय होतं हे सुचायला हवं होतं.

वर चढणाऱ्या पाइपाचं तोंड टाकीत पाण्याखाली दहा सेंटिमीटर बुडलेलं होतं. पंप चालू असताना त्यातून पाणी येतं. पंप थांबला की तीच नळी सायफन होते आणि पाणी उलटं खाली ओढते, नळीचं तोंड उघडं पडून आत हवा शिरेपर्यंत. टाकीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे पाच लिटर. दहा सेंटिमीटर, पन्नास लिटर. संपमध्ये रिकामी जागा होती ३३ लिटरांची. उरलेले १७ लिटर फरशीवर.

मग आधी एवढं पाणी का येत नव्हतं? आधी अर्धा इंची, घाणीने भरलेली वाट होती. त्यातून पाणी हळूहळू परतायचं. पाच-सात मिनिटांत वीज आली तर संप जेमतेम भरायचा, थोडी ओल सांडायची, आणि घरात समजूत झाली की काच गळते. मी वाट मोकळी केली आणि तेच पन्नास लिटर तीन-चार मिनिटांत खाली यायला लागले. दोष जुना, पण तो मोठा झाला माझ्या हाताने. मास्तरांना मी तसं स्पष्ट सांगितलं.

दुसरं नुकसान लगेच दिसत नाही. वीज परत आल्यावर पंपाने पन्नास लिटर वर चढवायचे असतात, पण १७ तर सांडलेले. शेवटच्या कप्प्यातलं पाणी उतरतं, पंप हवा ओढायला लागतो, खरखरतो. पाण्यानेच थंड राहणारा हा पंप. कोरडा फिरला तर शाफ्ट आणि इंपेलरचं भोक झिजतं. खरेदीनंतर चार-पाच महिन्यांतच "आवाज करणारा" पंप माझ्याकडे आला की मी आधी विचारतो, वीज गेली की पाणी कुठे जातं?

उपाय पन्नास रुपयांचा होता. पाइपाचं तोंड वर आणलं आणि त्याला मागच्या काचेला समांतर, दोन फुटांची आडवी नळी जोडली, भोकं पाडलेली, पाण्याच्या पातळीशी. आता वीज गेली की पातळी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उतरते न उतरते तोच भोकांतून हवा शिरते आणि सायफन तुटतो. खाली येतात आठ ते दहा लिटर. संप पाच सेंटिमीटर चढतो. बास.

भोकांचाही हिशोब असतो. सगळ्या भोकांचं क्षेत्रफळ मिळून पाइपाच्या तोंडापेक्षा कमी नसावं, नाहीतर पंपाचा घसा आपणच आवळतो. २० मिलिमीटरचा पाइप, त्याला पाच मिलिमीटरची सोळा भोकं. मी तेवढीच पाडली. वन-वे व्हॉल्व बसवायचं मास्तरांनी सुचवलं होतं. मी नको म्हटलं. एक दाणा वाळू त्याच्या झाकणात अडकली की तो पूर्ण मिटत नाही, आणि तो मिटला नाही हे आपल्याला फरशीवरूनच कळतं. विसंबायचं ते उंचीवर.

त्याच नळीने पहिली तक्रारही सोडवली, आणि हे मला या प्रकरणात सगळ्यात मोलाचं वाटतं. टाकीचं पाणी प्राणवायू घेतं ते पृष्ठभागातून. पूर्वी पाणी दहा सेंटिमीटर खोल सुटायचं, वरचं पाणी आरशासारखं स्थिर, त्यावर धुळीची आणि तेलकट साय. गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे साधारण ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.६. आमच्या मे महिन्यात टाकी ३० अंशांवर असते. रात्रभर मासे, शेवाळ आणि गाळणीतले जिवाणू सगळे तो खर्च करतात, म्हणून तंगी पहाटे दिसते. सोळा भोकांनी पृष्ठभाग हलता ठेवला आणि चौथ्या दिवशी मास्तरांचा फोन आला, पहाटे मासे तळाशी आहेत. सोळा धारांत वाटल्यामुळे प्रवाहही मवाळ झाला.

पाणी दुधाळ होतं ते मात्र दुधाळच राहिलं. माशांच्या घाणीतून तयार होणाऱ्या विषारी अमोनियाची चाचणी लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम दाखवत होती. ४५० लिटर म्हणजे सव्वादोन फेऱ्या. सहा ओरांडांना ते अपुरं. आता खरोखर मोठा पंप हवा होता. मास्तरांनी चतुर्थीपर्यंत थांबायचं ठरवलं.

चतुर्थीचा पंप

चतुर्थीला डोंबिवलीचा पुतण्या आला तो पंप घेऊनच. तासाला ५००० लिटर, साडेतीन मीटर, ८५ वॅट. काकांसाठी चांगलंच आणावं म्हणून त्याने दुकानातला मोठ्यातला मोठा उचलला होता. प्रेमाची खरेदी, तिला नावं ठेवता येत नाहीत. पण मी पोचेपर्यंत तो बसवून झाला होता आणि टाकी काठोकाठ आली होती.

बादली सोळा सेकंदांत भरली: २२५०. पाच हजारांतले एवढेच, कारण आता पाऊण इंची पाइपही त्याला अरुंद होता. तरीही हे जास्तच. ओव्हरफ्लोचा उतरता पाइप एक इंची, तो निव्वळ उतारावर चालतो, त्यामागे कोणी ढकलणारं नाही. या टाकीत तो तासाला १३०० लिटरांच्या पुढे गुरगुरायला लागतो आणि पातळी चढते. वर येणारं पाणी जेवढं खाली उतरू शकतं, तेवढ्याच पंपाची टाकीला सोय असते. संप असलेल्या टाकीसाठी पंप निवडताना मी आता आधी उतार बघतो, मग चढाव.

पाणी वाहून जाऊ नये म्हणून पुतण्याने युक्ती केली होती: पंपाच्या शोषणाच्या जाळीवर स्पंज घट्ट गुंडाळला होता. प्रवाह कमी झाला, पण पंप किंचाळत होता. मास्तर त्याला म्हणाले, "डिलिव्हरी दाब, सक्शन न्हय." बागेत पाट फुटू नये म्हणून व्हॉल्व दाबायचा तो नेहमी पंपाच्या पुढचा. शोषणाच्या बाजूने उपाशी ठेवला की पंप आत बुडबुडे करतो, थरथरतो आणि झिजतो. पुढे व्हॉल्व घालून याच पंपाला बाराशेवर आणता आलं असतं. त्याने पंपाला इजा होत नाही. पण ८५ वॅट म्हणजे दिवसाला दोन युनिटं, महिन्याला साठाच्या वर, आणि पाण्यात बुडालेल्या पंपाने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन पाण्यातच राहते. दोन दिवसांत टाकी २८ वरून ३० अंशांवर गेली. ऑगस्ट-सप्टेंबरात गोल्डफिशला आमच्याकडे आधीच गरम होतं.

तो पंप वाया गेला नाही. दर रविवारी पाणी बदलायला मास्तर तोच वापरतात: ड्रममध्ये आदल्या दिवशी भरून ठेवलेलं विहिरीचं पाणी त्याने टाकीत येतं. पूर्वी काकी बादल्या उचलायच्या.

टाकीसाठी घेतला तो २५०० लिटरांचा, एच मॅक्स अडीच मीटर, ४० वॅट. माझ्या सरळ रेषेने १५५० येत होते. पाइपातलं घर्षण धरून मी तेराशेच्या खाली अपेक्षा केली होती. बादली तीस सेकंदांत भरली. १२००. सहा फेऱ्यांच्या थोडं वर, आणि ओव्हरफ्लोच्या सोयीच्या आत. महिन्याला २९ युनिटं. २००० चा पंपही मिळत होता, स्वस्तही होता. पण इंपेलर मळल्यावर उतरणाऱ्या आकड्याला थोडी पुंजी हवी, म्हणून एक पायरी वरचा.

वेग कमी-जास्त करता येणारा डीसी पंपही आम्ही पाहिला. चांगली वस्तू आहे, वीज कमी खातो, आवाज नाही. पण त्याचा सगळा जीव कंट्रोलरच्या डबीत, आणि आचऱ्याच्या खाऱ्या दमट हवेत माझा त्या डबीवर भरवसा बसला नाही. शिवाय ती गेली तर मुंबईहून येईपर्यंत मासे थांबणार नाहीत. साध्या पंपाचा इंपेलर मी कणकवलीहून दुसऱ्या दिवशी पोचवू शकतो. जवळ काय दुरुस्त होतं, हाही निवडीचा भाग आहे, आणि किनाऱ्यावरच्या गावात तर मोठा भाग आहे.

होडीचा पंखा

पाणी पंधरा दिवसांत निवळलं. अमोनिया शून्यावर आला. पण मागच्या डाव्या कोपऱ्यात घाण साठतच होती. काकी माशांना वाटाणे सोलून घालतात, त्यातून राहिलेली सालं कुठे जाऊन बसतात ते मी पाहत होतो. वाटाण्याचं साल हे मेलेला कोपरा शोधायचं उत्तम साधन आहे. सालं ओव्हरफ्लोपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात जमायची.

"मग पंप अजून थोडो मोठो घेवया?" मास्तरांनी विचारलं. इथेच लोक घसरतात. पाणी गाळणं आणि पाणी फिरवणं ही दोन कामं आहेत. गाळण्यासाठी पाणी उंच चढवावं लागतं. फिरवण्यासाठी ते फक्त आडवं ढकलायचं असतं, तिथल्या तिथे. मी त्यांना बंदरातल्या होडीचा पंखा आठवायला सांगितला. तो पंखा एवढं पाणी मागे ढकलतो की होडी पुढे जाते, पण तोच विहिरीत सोडला तर हातभरही पाणी वर चढणार नाही. आणि बागेतला मोनोब्लॉक होडीला बांधला तर होडी जेमतेम हलेल. टाकीसाठी मिळतो तो वेव्हमेकर म्हणजे होडीचा पंखा. चार वॅटचा, खोक्यावर २००० लिटर. चढाव नसल्यामुळे तो आकडा बराचसा खराही असतो.

तो बसवायला माझी सगळी दुपार गेली. पहिल्या जागी ओरांडा काचेला टेकून राहिले. दुसऱ्या जागी वाळू उडाली. शेवटी मागच्या काचेवर, तळापासून चार बोटं वर, तोंड काचेला घासून जाईल असं वळवलं. धार काचेवर पसरते, कोपऱ्यातून वळते, सालं उचलून ओव्हरफ्लोच्या पेटीच्या तळच्या खाचांपाशी आणून सोडते. टाकीचा पुढचा अर्धा भाग शांत राहतो, आणि मासे तिथेच थांबतात. रात्री तो बंद ठेवतो. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास पुरतात. चार वॅटने जे झालं ते ८५ वॅटने झालं नव्हतं.

गाळणी सुधारल्यावर एक नवीनच गोष्ट पुढे आली. महिन्याभरात पाण्याचा पीएच उतरू लागला. अमोनिया खाणारे जिवाणू पाण्यातला क्षारपणा खर्च करतात, आणि आमच्या चिऱ्यातल्या विहिरींचं पाणी मुळातच हलकं, त्यात तो थोडाच. काकींनी तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून, वाळवून जाळीच्या पिशवीत घालून संपमध्ये ठेवल्या. चुन्याचाच तो दगड, हळूहळू विरघळतो. पीएच सातच्या थोडा वर स्थिरावला.

वीज

मास्तरांनी मधे एकदा सहज सांगितलं होतं की टाकीत हात घातला की कधीकधी झिणझिणतं. हे वाक्य ऐकल्यावर मी बाकी सगळं बाजूला ठेवलं. मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून पाहिलं. पंपाचं इन्सुलेशन ठीक होतं. दोष स्टँडच्या आत पडलेल्या एक्स्टेन्शन बोर्डचा होता. संपची वाफ, खारा वारा. पितळेच्या पिनांवर हिरवं चढलेलं, आणि पंपाच्या वायरवरून ओघळलेलं पाणी थेट सॉकेटमध्ये. किनाऱ्यावर हे माझ्या इतक्यांदा पाहण्यात आलंय की आता मी पंपाआधी बोर्ड बघतो.

बोर्ड भिंतीवर, टाकीच्या काठाहून वर नेला. वायर आधी खाली झोळ घेऊन मग वर सॉकेटकडे जाते, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी पडतो. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज झिरपली की लगेच तोडणारा स्विच) बसवला आणि अर्थिंग तपासून घेतलं. हात घालण्याआधी सगळे प्लग काढायचे, हे काकींनी पाळायला लावलं आहे. हे काम पंपाच्या किमतीत धरावं, ते धरायचं नसेल तर टाकी घेऊ नये.

वीज गेल्यावर काय, हा दुसरा प्रश्न. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा कित्येक वाड्या दिवसच्या दिवस अंधारात होत्या. ते आठवून मास्तर पंपासाठी इन्व्हर्टर मागत होते. घरातला इन्व्हर्टर जुना, चौकोनी लहरींचा. त्यावर असा पंप घुंघुं करतो आणि तापतो. मी सांगितलं, तो बदलाल तेव्हा साइन वेव्हचा घ्या, तोवर बॅटरीवरचा छोटा एअर पंप ठेवा. वीज गेली की माशांना पहिली गरज हवेची आहे, गाळणीची नाही. एअर पंप टाकीच्या पाण्यापेक्षा उंच ठेवायचा, नाहीतर त्याच्या नळीतूनही सायफन होतो.

आणि गावपळण. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल लागला की आचऱ्याचा सगळा गाव, गुरं, कोंबड्या, कुत्री घेऊन तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहतो. टाकी नेता येत नाही. काकींना सगळ्यात जास्त काळजी याचीच होती. तीन दिवस उपाशी राहणं गोल्डफिशला जड नाही. आदल्या दिवशी पोटभर न घालणं जास्त महत्त्वाचं. प्रश्न बंद घरात पंप एकटा सोडण्याचा. म्हणून आम्ही तालीम केली. संपच्या काचेवर मार्करने दोन रेघा मारल्या: पंप चालू असतानाची पातळी आणि बंद केल्यावर चढून थांबते ती. मेन स्विच दहादा काढला-घातला. पाणी दहाही वेळा वरच्या रेघेशी थांबलं, पंप दहाही वेळा हवा न ओढता सुरू झाला. मग दिवाळीनंतर दोघं तीन दिवस लेकीकडे राहून आली. परत आल्यावर खालच्या रेघेपेक्षा पाणी दोन बोटं कमी होतं, बाष्पीभवनाचं. आता बाहेर जाण्याआधी संपमध्ये तेवढं जास्त भरून ठेवतात, पण वरच्या रेघेची जागा राखून.

पुढचे महिने

स्टँडच्या दाराच्या आतल्या बाजूला मास्तरांनी पेन्सिलीने तक्ता आखला आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बादली. ३०, ३०, ३१, ३३. पाचव्या महिन्यात ३६ झाले तेव्हा त्यांनी माझी वाट न बघता पंप काढला, इंपेलर व्हिनेगरच्या पाण्यात अर्धा तास ठेवला, टूथब्रशने घासला, नुसत्या पाण्याने धुऊन बसवला आणि पुन्हा मोजलं. त्या ओळीत ३६ च्या पुढे बाण काढून त्यांनी ३० लिहिलंय, मास्तरी अक्षरात, खाली दोन रेघा मारून.